जुनं गिऱ्हाईक कुरकुरतंय? आधी नीट ऐका!



धंद्यात बदल हवाच, हे मी नेहमी सांगतो. आज दुसरी बाजू बघू, आणि उदाहरण घेऊ व्हिडिओ गेमचं. हसू नका, धंदा शेवटी धंदाच असतो.

कॅनडातली बायोवेअर ही कंपनी. नोव्हेंबर २००९ मध्ये तिने ‘ड्रॅगन एज: ओरिजिन्स’ हा रोल-प्लेइंग गेम आणला. माणूस व्हायचं, एल्फ की ड्वार्फ, हे खेळणारा स्वतः ठरवायचा. कॉम्प्युटरवर लढाई थांबवून, कॅमेरा वर नेऊन निवांत डावपेच आखता यायचे. चाहते जमले ते यासाठीच.

मार्च २०११ मध्ये, म्हणजे फक्त सोळा महिन्यांत, दुसरा भाग आला. लढाई वेगवान झाली, वरचा कॅमेरा गेला, नायक फक्त माणूसच. वर तीच गुहा पुन्हा पुन्हा वापरलेली. जुने चाहते भडकले.

अशा वेळी मालक म्हणतो, “लोकांना बदल पचत नाही.” मला हे पटत नाही. याच भागातल्या सोबती पात्रांचं अनेकांनी कौतुक केलं होतं. म्हणजे राग नव्याचा नव्हता. ज्यासाठी पैसे मोजले तेच काढून घेतलं आणि घाईचा माल हातात दिला, याचा होता.

२०१४ च्या ‘इन्क्विझिशन’मध्ये वंशाची निवड परत आली, वरचा कॅमेरा आला, मोठमोठे प्रदेश आले. ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये त्या वर्षीचा सर्वोत्तम गेम तोच ठरला. तरी नवी तक्रार आलीच: प्रदेश मोठे, पण त्यात किरकोळ वेचावेचीची कामंच फार! एका टोकावरून दुसऱ्या टोकाला गेलं की असं होतं.

आता तुमच्याकडे या. समजा तुमचं मिसळीचं दुकान आहे. कॉलेजची पोरं यावीत म्हणून चीज मिसळ सुरू केलीत, काहीच हरकत नाही. पण त्या नादात कटाची चव बदललीत, तर रोजचं गिऱ्हाईक बोलणारच. बोलतंय तोवर ते तुमचं आहे. गप्प झालं की समोरच्या गाडीवर गेलं समजा.

म्हणून या आठवड्यात एक काम करा. वही घ्या, आलेली प्रत्येक तक्रार लिहा आणि पुढे एकच प्रश्न टाका: “याचं नेमकं काय गेलं?” तेच उत्तर चार-पाच जणांकडून आलं, तर ती गोष्ट परत आणा, मग नवं खुशाल करा.

मात्र ते सांगतील तो प्रत्येक उपाय करत सुटू नका. दुखतंय कुठे, हे गिऱ्हाईक बरोबर सांगतं. औषध शोधायचं काम तुमचं!