छंदाची वही ठेवलीय का?

मला ट्रेकिंगचं वेड आहे. खर्च किती होतो असं घरी विचारलं की मी म्हणायचो, "हजारभर, फार नाही." मागच्या पावसाळ्यात राजगडच्या एका ट्रेकचा हिशोब सहज वहीत मांडला. पेट्रोल, टोल, गुंजवण्यातला मुक्काम आणि जेवण धरून १,१५० रुपये. म्हणजे मी बरोबरच होतो की! मग खाली तास लिहिले आणि गप्प झालो. शनिवारी दुपारी ४ पासून अख्खा रविवार शटर खाली. आमच्या कपड्यांच्या दुकानात खरा धंदा होतो तो याच दीड दिवसात. तो बुडालेला गल्ला कुठल्याच बिलावर येत नाही.

त्यात ते १,१५० सुद्धा गल्ल्यातूनच काढलेले! मालकाची उचल वेगळी दाखवायची, हे बीबीएच्या पेपरात लिहून मी मार्क घेतलेत.

छंद सोडा असं मी अजिबात म्हणणार नाही. फक्त लिहा. तारीख, पैसे, तास, एवढे तीन रकाने पुरे. पैसे स्वतःच्या पगारातून घ्या, आणि मालक असलात तरी स्वतःला पगार ठरवाच.

मी आता सोमवारी जातो, दुकानाला सुट्टी असते तेव्हा. गडावर गर्दी नसते. पण मित्र सगळे नोकरीवाले, त्यामुळे जुना ग्रुप सुटला. तो कुठल्या रकान्यात लिहायचा, ते अजून ठरलेलं नाही.