बेल्ट, मोटर आणि मामा

दुपारी चारची वेळ. मस्जिद स्टेशनवरून कल्याण स्लोच्या लगेजच्या डब्यात चढले, तेव्हा माझ्या पायाशी नागदेवी स्ट्रीटवरून घेतलेली वीसएक किलोची मोटर होती. समोरच्या मावशींनी टोपल्या सरकवून जागा करून दिली आणि विचारलं, ‘काय गं, घरघंटीची का?’

‘नाही मावशी, सुऱ्या बनवायच्या मशीनची.’

दोन सेकंद शांतता. मग मावशींनी टोपली आणखी जरा लांब सरकवली.

तर मंडळी, या वेळची हॉबी जरा हटके आहे. २०१५ मध्ये अमेरिकेत ‘फोर्ज्ड इन फायर’ हा शो सुरू झाला आणि घरबसल्या सुऱ्या बनवण्याचं खूळ जगभर पसरलं. ते आपल्या ठाणे-डोंबिवलीपर्यंतही आलंय. दिवसभर एक्सेल शीट भरणारी मंडळी वीकेंडला स्टीलची पट्टी घासताना दिसतात. पण दोन-चार सुऱ्या कानसने घासून झाल्या, खांदे भरून आले, की प्रत्येकजण एकाच प्रश्नापाशी येतो : बेल्ट ग्राइंडर घ्यायचा कुठला?

बेल्ट ग्राइंडर म्हणजे काय, तर तीन-चार चाकांवरून गरगर फिरणारा पॉलिश पेपरचा पट्टा. गल्लीत सायकल स्टँडवर लावून, पेडल मारत धार लावून देणारे काका आठवतात? ते तयार सुरीला धार लावतात. आपल्याला सपाट पट्टीतून अख्खं पातं काढायचंय, म्हणजे भरपूर धातू उडवायचाय. त्यासाठी दगडाच्या चाकापेक्षा पट्टा बरा. तो कमी तापतो, आणि खरखरीतवरून गुळगुळीतवर जायचं तर मिनिटभरात बदलता येतो.

रेडिमेड की जुळवलेला?

बाजारात तीन पर्याय आहेत. पहिला, एक इंच रुंद आणि तीस इंच लांब पट्ट्याचं टेबलावरचं छोटं मशीन. धार लावायला छान, पण पातं घडवायला घेतलंत तर मोटर दमते. दुसरा, सुतारकामाचा बेल्ट सँडर. पट्टा रुंद, वेग कमी, लाकडासाठी ठीक. तिसरा, सुरीवाल्यांचा लाडका ‘टू बाय सेव्हंटी-टू’, म्हणजे दोन इंच रुंद आणि ७२ इंच लांब पट्ट्याचा. मिलिमीटरमध्ये साधारण ५० बाय १८३०.

एवढा लांब पट्टा कशाला? कारण सोपं आहे. पट्टा जितका लांब, तितका प्रत्येक दाण्याला पुन्हा स्टीलवर येईपर्यंत आराम जास्त. पट्टा कमी तापतो, जास्त टिकतो. शिवाय पट्ट्यामागे सपाट प्लेट लावा, मोठं रबरी चाक लावा किंवा काहीच न लावता पट्टा सैल ठेवा, एकाच मशीनवर तीन प्रकारची कामं होतात.

हे मशीन तयार मिळतं, पण माझं बजेट होतं तीस हजार. तेव्हा ठरवलं, सुटे भाग आणायचे आणि जुळवायचे. वेल्डिंग येत नाही? मलाही येत नाही. त्यावर उपाय म्हणजे १२ मिलिमीटरच्या प्लेट्स एमआयडीसीतल्या लेझर कटिंगवाल्याकडून ड्रॉइंगप्रमाणे कापून घ्यायच्या आणि नटबोल्टने जोडायच्या. चौकोनी पाइपात पाइप सरकवून करणार असाल, तर पाइपच्या आतली वेल्डिंगची शिवण आधी हाताने चाचपा. ती कानसने काढल्याशिवाय आतला पाइप सरकत नाही.

मोटर : इथे कंजूषपणा नको

मोटर दोन हॉर्सपॉवरची, म्हणजे दीड किलोवॅटची घ्या. एक एचपीवर काम होतं, पण जोर दिला की पट्टा अडखळतो. आणि ती पूर्ण बंद बॉडीची, बाहेरून पंख्याने थंड होणारी हवी. उघड्या मोटरच्या पोटात लोखंडाची धूळ गेली की तिचं आयुष्य संपलंच समजा.

आता खरा फंडा. मोटर थ्री फेज घ्यायची, घरात सिंगल फेज असली तरीही! मधे एक व्हीएफडी नावाचा डबा लावायचा. तो आपली २३० व्होल्टची सिंगल फेज वीज घेतो, थ्री फेज बाहेर देतो आणि वर वेगही कमी-जास्त करू देतो. फक्त मोटरच्या नेमप्लेटवर ‘२३०/४१५’ आणि ‘डेल्टा/स्टार’ लिहिलंय ना, ते दुकानातच बघा. या डब्यातून २३० व्होल्टच्या वर काही मिळत नाही. म्हणून मोटरच्या टर्मिनल बॉक्समधल्या पट्ट्या फिरवून ती डेल्टामध्ये जोडावी लागते. हे काम जाणत्या वायरमनकडून करून घ्या. अर्थिंग पक्कं हवं आणि पॉइंट गीझरला असतो तसा १६ अँपियरचा.

वेगाचं गणितही बघून ठेवा. मिनिटाला २८८० फेरे मारणाऱ्या मोटरवर १०० मिलिमीटरचं चाक लावलं, की पट्टा सेकंदाला १५ मीटर पळतो. म्हणजे ताशी ५४ किलोमीटर! सुरुवातीला धातू उडवताना हा वेग मस्त. पण कडक केलेल्या पात्यावर किंवा लाकडी मुठीवर हात चालवताना तो निम्म्याहून खाली आणावा लागतो. व्हीएफडीचे पैसे तिथे वसूल होतात.

चाकं, आणि मामाची एन्ट्री

चाकांच्या बाबतीत मी स्मार्टपणा केला. बाहेरून ऑनलाइन मागवली. चकचकीत अॅल्युमिनियम, सुंदर पॅकिंग. आणि मोटरवर चढवायला गेले तर चढेचना. चाकाचं भोक पाच अष्टमांश इंच, म्हणजे जेमतेम १६ मिलिमीटर. माझ्या मोटरचा शाफ्ट २४ मिलिमीटरचा. तिकडचं माप वेगळं, इकडचं वेगळं, आणि मी दोन्ही न वाचता पैसे भरलेले.

मग आठवला मामा. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात त्याने टर्नर म्हणून आयुष्य काढलं. कंपनी बंद पडली, मामाने व्हीआरएस घेतली, आणि त्याचा लेथ भंगारात किलोच्या भावाने गेला. तेव्हापासून किसननगरच्या घरात तो पेपर वाचतो आणि टीव्हीवरच्या बातम्यांशी भांडतो. मी चाक त्याच्या हातात दिलं. त्याने चष्मा वर केला, चाक फिरवून बघितलं आणि कपाटातून व्हर्निअर काढला. तेल लावून, कापडात गुंडाळून ठेवलेला.

‘कुणी सांगितलं तुला हे घ्यायला?’

‘मीच घेतलं.’

‘मग आधी विचारायचं ना गं. इथे काय लेथ संपले?’

संपले नव्हते. वागळे इस्टेटमध्ये आपण आता जातो ते पासपोर्टसाठी नाहीतर आयटी पार्कमध्ये इंटरव्ह्यूला. पण १९६२ मध्ये एमआयडीसी जन्माला आली, त्या सुरुवातीच्या दिवसांपासूनची ही वसाहत. काचेच्या इमारतींच्या मागे अजून छोटे गाळे चालू आहेत. त्यातला एक मामाच्या जुन्या जोडीदाराचा. तिथे भोक मोठं झालं, चावीची खाच पडली आणि चाक शाफ्टवर कसं बसलं, तर बोटाने ढकललं तर जाईल, पण हलणार नाही असं.

सगळं जोडलं, बटण दाबलं. दुसऱ्या सेकंदाला पट्टा डावीकडे सरकत गेला, चाकावरून सुटला आणि भिंतीवर आदळला. मी किंचाळले. मामाने शांतपणे मेन स्विच बंद केला, वरच्या चाकावर स्टीलची फूटपट्टी आडवी धरली आणि खालून बघितलं.

‘सपाट आहे. याला पोट कुठंय? पट्टा बसणार कशावर?’

ही या लेखातली सगळ्यात मोलाची टीप. ज्या चाकाने पट्टा मध्यावर आणायचा, ते ट्रॅकिंगचं चाक मध्ये किंचित फुगीर लागतं. कारण फिरणारा पट्टा उंचवट्याकडे सरकतो. चाकाच्या दोन्ही कडांना अर्धा-एक मिलिमीटर उतार दिला की झालं. डोळ्याला कळतसुद्धा नाही, पण तो नसेल तर ट्रॅकिंगचा नॉब कितीही फिरवा, पट्टा जागेवर राहत नाही.

मामा बऱ्याच वर्षांनी लेथसमोर उभा राहिला. जोडीदार म्हणाला, ‘मी करतो रे.’ मामा काही बोलला नाही, नुसत्या बाह्या वर केल्या. दहा मिनिटांत चाक माझ्या हातात होतं, गरम. पट्टा लावला, मशीन चालू केलं. पट्टा मध्यावर आला आणि तिथेच पळत राहिला. मामा तो बघत बराच वेळ उभा होता. मला वाटलं अजून काही चुकलंय. काही चुकलेलं नव्हतं.

आमच्या डोंबिवलीच्या बिल्डिंगमध्ये जवळजवळ सगळे आयटी नाहीतर बँकवाले. पण चौकशी केली तर निम्म्या घरांत कुणाचे वडील फिटर, कुणाचे काका टूलमेकर. आम्ही मात्र यूट्यूबवर शिकतो आणि सातासमुद्रापलीकडून चाकं मागवतो. तुमच्या घरात असा कुणी असेल, तर ‘ऑर्डर नाऊ’ दाबायच्या आधी एक फोन करा. पैसे वाचतीलच, आणि त्यांचाही एक रविवार बरा जाईल.

ठेवायचं कुठे?

फ्लॅटच्या बाल्कनीत तर नकोच. आवाज, ठिणग्या आणि काळी धूळ. पुढच्या सोसायटी मीटिंगचा अजेंडा तुम्हीच. आम्ही मशीन त्या गाळ्याच्या कोपऱ्यात ठेवलं, थोडं भाडं देऊन. व्हीएफडीला बंद पेटीत ठेवा, धातूची धूळ आत गेली तर शॉर्टसर्किट ठरलेला. शेजारी पाण्याची बादली हवीच. पात्याची धार निळी पडली, की तिथलं स्टील मऊ झालं. आधीची सगळी मेहनत पाण्यात. म्हणून कडक केलेलं पातं उघड्या हाताने धरायचं आणि चटका बसायच्या आत बुडवायचं. गॉगल आणि धुळीचा चांगला मास्क सक्तीचा. कापडी हातमोजे नकोत. ओढणी, मोकळे केस, ढिली बाही अजिबात नको. मामा याबाबतीत हिटलर आहे. त्याने एका सहकाऱ्याचं बोट जाताना बघितलंय.

आणि हो, कायदा. पातं नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद असेल आणि घरगुती, शेती वा कारखान्याच्या कामाचं नसेल, तर शस्त्रास्त्र कायद्याच्या नियमांत ते शस्त्र ठरतं. ठाणे पोलिस आयुक्तालयाच्या हद्दीत, म्हणजे ठाण्यापासून बदलापूरपर्यंत, शस्त्रं बाळगण्यावर अधूनमधून मनाई आदेशही निघतात. तेव्हा खंजीर, तलवार विसरा. किचनची सुरी बनवा, नीट गुंडाळून घरी न्या आणि लोकलमध्ये मित्रांना दाखवायचा मोह टाळा.

माझी पहिली सुरी परवा तयार झाली. बेअरिंगच्या एन थर्टीवन स्टीलची, जरा वाकडी, मूठ सागवानाची. आईने तिच्यावर एक कांदा कापला, दुसरा कापला, धार बघितली आणि म्हणाली, ‘चांगली आहे. पण माझी विळीच बरी.’

मामा आता विळीचं पातं बनवायला बसलाय.

खरेदीला जाताना

• मोटर आणि बेअरिंगसाठी नागदेवी स्ट्रीट, इलेक्ट्रिकच्या सामानासाठी लोहार चाळ. येताना लगेजचा डबा.
• आधी मोटर घ्या, शाफ्ट मोजा, मगच चाकं.
• सुरुवातीला ६०, १२०, २२० आणि ४०० नंबरचे पट्टे पुरे. कडक स्टीलसाठी ६० नंबरचा सिरॅमिक घ्या; महाग आहे, पण टिकतो.
• पट्ट्याच्या आत बाण असेल तर त्याच दिशेने लावा, नाहीतर जोड उखडतो.
• पावसाळ्यात पट्टे कोरड्या जागी, टांगून ठेवा. दमट हवेत ते वळतात.