उशिरा जमा झालेला सन्मान

अमेरिकेतील विनोदवीर बॉब न्यूहार्ट मूळचे शिकागोचे हिशेबनीस. रोजमेळात थोडी तफावत राहिली, तर ती आपण स्वतःच्या खिशातून भरून काढीत असू, असे ते विनोदाने सांगत. हिशेबाचे काम सुटले आणि १९६० मध्ये त्यांची पहिली विनोदी ध्वनिमुद्रिका निघाली. तिला वर्षातील सर्वोत्कृष्ट ध्वनिमुद्रिकेचा ग्रॅमी पुरस्कार लाभला. विनोदाला हा मान प्रथमच मिळत होता.

दूरचित्रवाणीवर मात्र जमाखर्च निराळा ठरला. १९६१ मध्ये सुरू झालेल्या त्यांच्या पहिल्या कार्यक्रमास एमी आणि पीबडी हे दोन्ही सन्मान मिळाले. तरी तो एकाच हंगामात बंद पडला. पुढे १९७२ ते १९७८ आणि १९८२ ते १९९० अशा दोन मालिका त्यांनी गाजवल्या. पण अभिनयाच्या एमीसाठी वारंवार नामांकन होऊनही पुरस्कार दुसऱ्याच्याच हाती जाई.

न्यूहार्ट यांनी आपली रीत सोडली नाही. सौम्य, अडखळते बोलणे. दूरध्वनीवरील संभाषणाची एकच बाजू ऐकवायची आणि दुसरी श्रोत्यांच्या कल्पनेवर सोपवायची. अखेर २०१३ मध्ये, वयाच्या ८४व्या वर्षी, ‘द बिग बँग थिअरी’ या मालिकेतील पाहुण्या भूमिकेसाठी त्यांना एमी मिळाली. २०२४ मध्ये ते निवर्तले.

पुरस्कार लाभलेला कार्यक्रम वर्षभरात मिटला. पुरस्काराविना केलेल्या भूमिका वर्षानुवर्षे लोकांनी आवडीने पाहिल्या. सन्मान केव्हा जमा होईल, हे कोणाच्याही हाती नसते. रोजचा माल चोख देणे, एवढेच आपल्या हाती असते.