वेबसाइटचाही सातबारा तपासा

जमीन घेताना आपण काय करतो? आधी सातबारा काढतो, फेरफार बघतो, बांधावर जाऊन हद्द विचारतो, चार जाणत्यांना सोबत नेतो. वेबसाइट काढताना किंवा इंटरनेटची लाईन घेताना मात्र यातले काहीच करत नाही. 'पोरगा हुशार आहे, तो बघेल,' एवढ्यावर पैसे मोजून मोकळे होतो. मुरबाडकडच्या अकरा शेतकऱ्यांच्या एका गटाला याचा फटका कसा बसला, ते आज सांगायचे आहे.

हा गट हातसडीचा तांदूळ ठाण्या-डोंबिवलीच्या सोसायट्यांमध्ये थेट विकतो. मध्ये दलाल नाही, म्हणून किलोमागे चार पैसे जास्त सुटतात. ओळखीच्या एका मुलाने बारा हजारांत वेबसाइट करून दिली. गटाने दोन हजार पिशव्यांवर तिचे नाव छापून घेतले. पहिले वर्ष झकास गेले. मग त्या मुलाला पुण्याला नोकरी लागली, फोनचा नंबरही बदलला. पुढच्या हंगामात नवा तांदूळ पिशव्यांत भरून गेला आणि डोंबिवलीच्या एका ताईंचा फोन आला, "दादा, पिशवीवरचं नाव टाकलं तर पत्त्यांचा जुगार उघडतोय. धंदा बदलला की काय?" गटाचे अध्यक्ष त्याच रात्री माझ्याकडे आले. म्हणाले, "साहेब, आमचं नाव चोरलं कुणीतरी."

चौकशी केली तेव्हा कळले, ते नाव गटाचे कधी नव्हतेच. मुलाने ते स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ई-मेलवर घेतले होते. मुदत संपत आल्याच्या सूचना त्याच्याच ई-मेलवर गेल्या असणार. पैसे कुणी भरले नाहीत, नाव मोकळे झाले, दुसऱ्याने उचलले. घरातल्या बाया दोन दिवस पिशव्यांवर चिकटपट्ट्या लावत बसल्या. मुलाने मुद्दाम काही केले असे नाही. कागद आपल्या नावावर नसला की असेच होते.

नाव वेगळे, जागा वेगळी

वेबसाइटचे दोन भाग असतात. पहिला भाग म्हणजे तिचे नाव, ज्याला डोमेन म्हणतात. हा तुमचा सातबारा. तो कायमचा मिळत नाही, मुदतीवर मिळतो. डॉट इन हे नाव एका वेळी एक ते दहा वर्षांसाठी घेता येते आणि साधारण नावाला वर्षाला हजाराच्या आत खर्च येतो. दुसरा भाग म्हणजे होस्टिंग. तुमची माहिती आणि फोटो ज्या संगणकावर ठेवतात, ती भाड्याची जागा, बाजारातल्या गाळ्यासारखी. गाळा बदलता येतो. नाव हातचे गेले तर गिऱ्हाईक तुम्हाला शोधणार कुठे?

म्हणून पैसे देण्याआधी चार गोष्टी बघा. नाव गटाच्या किंवा तुमच्या नावावर नोंदवले आहे का? ई-मेल आणि पासवर्ड तुमच्या हातात आहेत का? पहिल्या वर्षीची स्वस्ताई संपल्यावर दुसऱ्या वर्षी किती भरावे लागतील? वेबसाइटची एक प्रत तुमच्याकडे मिळेल का? आणखी एक. पत्त्याशेजारी कुलुपाचे चिन्ह दिसते, त्याच्या प्रमाणपत्रासाठी काही जण दरवर्षी वेगळे पैसे लावतात. हे प्रमाणपत्र फुकटही मिळते. विचारायला लाजू नका.

लाईनचे दुखणे

वेबसाइट आपल्या नावावर आली, तरी गिऱ्हाइकाची मागणी बघायला लाईन चालू लागते. आता तिच्याकडे वळू.

मुंबईत सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आले १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगममार्फत. १९९८ च्या अखेरीस खासगी कंपन्यांना परवानगी मिळाली. सरकारी फोनचे म्हणाल तर ठाणे शहर एमटीएनएलकडे आणि कल्याणपासून पुढचा भाग बीएसएनएलकडे, अशी वाटणी झाली. नंतर घरोघर टीव्हीची केबल देणारेच त्याच वाटेने इंटरनेटही देऊ लागले. आज कंपन्या भरपूर आहेत, पण वायर लोंबते ती झाडावरून आणि दिव्याच्या खांबावरून. पावसात फांदी पडली की लाईन गेली, रस्ता खणला की लाईन गेली.

मी डोंबिवलीत भाड्याने राहतो. गेल्या पावसाळ्यात माझी लाईन सहा दिवस बंद होती. माणूस एकदाही फिरकला नाही, पण 'आपली तक्रार सोडवली आहे' असा संदेश मोबाइलवर तीन वेळा आला. शहरात ही गत, तर माळशेजच्या पायथ्याच्या वाडीत काय होत असेल? तिथे केवायसी राहिली म्हणून हप्ता अडकतो. शेतकरी ओळख क्रमांकासाठी माणूस मजुरी बुडवून सेवा केंद्रावर येतो आणि 'सर्व्हर डाऊन हाय' ऐकून परत जातो. त्या दिवसाची मजुरी कुणी भरून देत नाही.

यावर उपाय आहे, पण तो चिकाटीने करावा लागतो. लाईन घेताना '१०० एमबीपर्यंत' यातल्या 'पर्यंत' या शब्दाकडे लक्ष द्या. किती वापरानंतर वेग कमी होतो, ते विचारा. सरकारी व्याख्येप्रमाणे ब्रॉडबँड म्हणजे किमान २ एमबीपीएस वेग, ही मर्यादा २०२३ पासून आहे. वर्षाचे पैसे एकदम भरू नका, आधी एक महिना अनुभव घ्या. लाईन बिघडली तर तोंडी सांगून भागत नाही, तक्रार क्रमांक घ्या आणि वहीत तारीख लिहा. तक्रार सुटली नाही तर ३० दिवसांच्या आत त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जाता येते. त्याला फी नाही आणि अपिलाचा निकाल ३९ दिवसांत लागला पाहिजे. ट्राय एकेकाची तक्रार सोडवत बसत नाही, तिथे अर्ज करून दिवस घालवू नका. ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे आणि त्यापुढे ग्राहक आयोग आहे.

ग्रामपंचायतीसाठी दोन शब्द

सरपंच आणि भाऊसाहेबांनाही विनंती आहे. गावोगावच्या ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची योजना केंद्राने २०११ मध्ये मंजूर केली, तिलाच आज भारतनेट म्हणतात. एका गावात मी पाहिले, पेटी भिंतीवर होती, पण संध्याकाळी कार्यालय बंद करताना मेन स्विच पाडत आणि पेटी मुकी होई. तिला वेगळी वायर आणि बॅटरी द्या, खर्च मोठा नाही.

माहिती अधिकार कायदा, २००५ च्या कलम ४ प्रमाणे पंचायतीने आपली माहिती आपणहून जाहीर करायची आहे, इंटरनेटवरूनही. त्यासाठी वेबसाइट काढलीत तर तिचे नाव सदस्याच्या भाच्याच्या नावावर नको. शासकीय संस्थांना जीओव्ही डॉट इन हे नाव मिळते, त्यासाठी अर्ज करा. आणि बदली झाली की कपाटाच्या किल्ल्या जशा चार्ज यादीत लिहितात, तसेच वेबसाइटचा ताबा, तिचा ई-मेल आणि मुदतीची तारीखही लिहून द्या. पासवर्ड नव्या माणसाने ताबा घेताच बदलावा.

मुरबाडच्या गटाने आता नवे नाव घेतले आहे, गटाच्याच नावावर, पाच वर्षांचे पैसे भरून. सोसायटीच्या कर्जाची तारीख आपण कालनिर्णयावर गोल करून ठेवतो, तशी या नावाची मुदत त्यांनी गटाच्या वहीच्या पहिल्याच पानावर लाल शाईने लिहून ठेवली आहे. तुमच्याकडे वेबसाइट असेल तर आजच एक काम करा. ज्याने ती करून दिली त्याला फोन लावा आणि विचारा, "बाबा रे, नाव कुणाच्या नावावर आहे?" तो फोन लागतोय, तोवरच विचारलेले बरे.