सात पडदे आणि पडद्याबाहेरचे पाच लाख

२४ जुलै १९५९ रोजी मॉस्कोच्या सोकोल्निकी उद्यानात अमेरिकेचे राष्ट्रीय प्रदर्शन सुरू झाले. उपराष्ट्राध्यक्ष निक्सन आणि निकिता ख्रुश्चेव्ह यांची स्वयंपाकघरातील खडाजंगी याच प्रदर्शनातली. ती जगभर गाजली. परंतु सांस्कृतिक आघाडीच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची घटना बकमिन्स्टर फुलर यांच्या रचनेच्या घुमटाखाली घडत होती. तेथे टांगलेल्या सात प्रचंड पडद्यांवर चार्ल्स व रे ईम्स या दांपत्याच्या कॅलिफोर्नियातील डिझाइन कार्यालयाने सुमारे बारा मिनिटांत २,२०० हून अधिक चित्रे दाखविली. विषय होता अमेरिकेतील कामाचा दिवस आणि सुट्टीचा दिवस. संगीत एल्मर बर्नस्टाइन यांचे होते आणि काम सोपविले होते अमेरिकी सरकारच्या माहिती खात्याने.

ईम्स कार्यालयाच्या कौशल्याला कमी लेखण्याचे कारण नाही. प्रश्न त्या कौशल्याच्या विनियोगाचा आहे. एकाच वेळी सात चित्रे पाहणारा प्रेक्षक एकाही चित्राची चिकित्सा करू शकत नाही. त्याच्या मनावर ठसते ती केवळ विपुलता. हेच त्या तंत्राचे सामर्थ्य आणि हेच त्याचे राजकारण.

प्रदर्शन उघडण्याच्या नऊच दिवस आधी, १५ जुलैला, अमेरिकेतील सुमारे पाच लाख पोलाद कामगार संपावर गेले होते. ११६ दिवस चाललेला हा लढा टॅफ्ट-हार्टले कायद्याखालील न्यायालयीन हुकुमाने थांबविण्यात आला. चित्रांची निवड आधीच झालेली असल्याने तो संप पडद्यावर येणे शक्य नव्हते, हे मान्य. परंतु घुमटाखाली ज्या विपुलतेचा जयजयकार चालला होता, तिचे पोलाद ओतणारे हात त्याच दिवसांत कारखान्यांच्या फाटकाबाहेर उभे होते. आणि स्वातंत्र्याची ग्वाही देणाऱ्या याच प्रदर्शनातील अनेक चित्रकारांवर कम्युनिस्टांशी संबंध असल्याचा आरोप अमेरिकी प्रतिनिधिगृहातील समितीच्या अध्यक्षांनी केला होता!

भारताशीही या कार्यालयाचे नाते जवळचे आहे. १९५८ मध्ये ईम्स दांपत्याने भारत सरकारला दिलेल्या अहवालात आपल्या साध्या लोट्याचे मर्म उलगडून दाखविले. १९६१ मध्ये अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. आणि तिच्या सहकार्याने १९६५ मध्ये नेहरूंवरील प्रदर्शन साकारले. हात तेच, तंत्रही तेच. बदलला तो काम सोपविणारा, आणि त्याबरोबर चित्रांचा अर्थही बदलला.

आज चारही भिंतींवर प्रकाशचित्रे खेळविणारी, महागड्या तिकिटांची प्रदर्शने भारतातील महानगरांत भरतात. त्यांना केवळ भूलभुलैया म्हणून नाके मुरडणे ही चूक ठरेल. १९४३ मध्ये स्थापन झालेल्या इप्टाने अपुऱ्या साधनांनिशी जनतेचे जीवन जनतेपुढे मांडले; हातातील साधन कोणतेही असो, ते आत्मसात केलेच पाहिजे. मात्र प्रत्येक झगमगत्या दालनात शिरताना दोन प्रश्न विचारण्याची सवय कामगारवर्गाने अंगी बाणविली पाहिजे: चित्रे कोणी निवडली, आणि पडद्याबाहेर कोण राहिले?