हवा मानवते? मग ताडकळसला या की!

निवृत्तीनंतर कुठं राहायचं, ही चर्चा हल्ली हवेपासून सुरू होते. कोरडी हवा हवी, म्हणजे सांधे धरत नाहीत. थंडी बेताची हवी, स्वेटरची हौस भागेल एवढीच. मुंबईचा दमटपणा सोसवेना म्हणून कुणी पुण्यात फ्लॅट घेतो, कुणी पाचगणीला बंगला. मुलगा अमेरिकेत असला तर ॲरिझोनाचे गोडवे.

मी ताडकळसचा. तालुका पूर्णा, जिल्हा परभणी. तुम्हाला हवी ती हवा आमच्याकडं फुकट आहे. पावसाळा सरला की खडखडीत. हिवाळ्यात दुपारचं ऊन अंगाला गोड लागतं, रात्री बहुधा गोधडी पुरते. जमीन पुण्याच्या मानानं मातीमोल. तरी दुखरे सांधे घेऊन इकडं कुणी पेन्शनर राहायला आलेला मी पाहिला नाही. उलट बदलीची ऑर्डर हातात पडलेला सरकारी नोकर म्हणतो, ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी.’

म्हणजे साहेब, तुम्ही हवा निवडतच नाही. तुम्ही नळ निवडता, दवाखाना निवडता, आणि नाव हवेचं घेता.

पाचगणी इंग्रजांनी हवा पाहूनच वसवली. तिथं पुढं क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम निघालं. क्षयावर तेव्हा औषधच नव्हतं, हवेवरच भिस्त होती, ते पटतं. आजच्या बंगलेवाल्याला कसला क्षय झालाय?

आता नळाचं बघा. पुण्याला खडकवासला धरण १८७९ पासून आहे. शहर फुगलं तशी पानशेत, वरसगाव, टेमघर जोडीला आली. त्याच पाण्याच्या आवर्तनाची वाट बघत दौंड-इंदापूरचा शेतकरी उन्हाळ्यात कालव्याकाठी बसतो. ॲरिझोनातल्या फिनिक्सची कथाही तीच. वाळवंटात कोलोरॅडो नदीचं पाणी शेकडो किलोमीटर ओढून आणलं, त्यावर शहर फुगत राहिलं; नाव मात्र कोरड्या हवेचं!

आणि हवा चांगली म्हणून तुम्ही दाखवता ते सरासरीचे आकडे? २०१८ च्या डिसेंबरअखेर परभणीच्या कृषी विद्यापीठात पारा २ अंशांवर उतरला होता. तोच पारा मे महिन्यात ४४-४५ ला टेकतो. सरासरी काढली की छान सौम्य हवामान तयार! पावसाचंही तेच. परभणीची वार्षिक सरासरी पुणे शहराहून कमी नाही. पण ऐन ऑगस्टात पाऊस दडी मारतो, सोयाबीनच्या शेंगा पोचट राहतात. २०१६ च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. २०२५ च्या सप्टेंबरात याच मराठवाड्यात शेतं मातीसकट वाहून गेली. सरासरीत राहायला कुणाला मिळतं? आम्ही राहतो ते त्या-त्या दिवसाच्या उन्हात आणि पुरात.

आमची पोरंही पुण्याला जातात. चाकणला, हडपसरला, पत्र्याच्या खोलीत चौघं-चौघं. त्यांना कुणी विचारलं का, बाबा रे, हवा मानवते का? हवा बघून घर घ्यायला आधी खिशात भाकरीची सोय लागते.

तेव्हा हवेच्या नावानं प्लॉट घेणाऱ्यानं एवढंच सांगावं: तुमच्या टाकीत पडणारं पाणी कुणाच्या आवर्तनातलं आहे? सांगता येत नसेल, तर हवेची आरती बंद करा. येत असेल, तर तोच नळ, तोच दवाखाना ताडकळसला मिळावा म्हणून आमच्याबरोबर भांडायला या. मग ठरवू, हवा कुठली चांगली.