पिवळी स्कूटर आणि आमची पॅकिंग शेड

यंदाच्या फेस्टमध्ये आमचा बँड ‘बॅटल ऑफ बँड्स’च्या पहिल्याच फेरीत गारद झाला. हे रडगाणं नाही. हरलो ते हरलो. ड्रमरची एन्ट्री दोनदा चुकली आणि माझ्या गिटारची एक तार सुराला नव्हती, हे मान्य! पण स्टेजवरून खाली उतरल्यावर परीक्षकांपैकी एकांनी जे सांगितलं ते तेव्हापासून डोक्यात घुमतंय. “ओरिजिनल गाणं ठीक होतं, पण पुढच्या वेळी सगळी कव्हर्सच घ्या. पब्लिकला ओळखीचं लागतं.” जिंकलेल्या बँडने चारही गाणी दुसऱ्यांची वाजवली. झकास वाजवली, प्रश्नच नाही. डोळे मिटले तर मूळ रेकॉर्डच लावलीय असं वाटावं इतकी. आणि बक्षीस नेमकं त्यालाच मिळालं.

आता गंमत बघा. सबमिशनच्या वेळी आपण कुणाची जर्नल जशीच्या तशी उतरवली तर सर ती तोंडावर फेकतात. इथे मात्र जो हुबेहूब उतरवेल त्याला ट्रॉफी!

असो. तर माझं म्हणणं एवढंच की बँड म्हणवून घ्यायचं असेल तर पहिला अल्बम करावा, आत्ताच करावा, आणि त्यात स्वतःची गाणी असावीत. “आधी थोडं नाव होऊ दे, पैसे जमू दे, चांगला स्टुडिओ मिळू दे” ही सगळी टाळाटाळ आहे. आमच्या बँडमध्येही हेच चालतं. लीड गिटारवाला म्हणतो प्लेसमेंट झाल्यावर बघू. प्लेसमेंट झाल्यावर तो पुण्याला जाईल आणि गिटार त्याच्या कपाटावर, हे मी आत्ताच स्टॅम्प पेपरवर लिहून देते.

स्टुडिओवाल्या सबबीला माझ्याकडे एक नामी उत्तर आहे, आणि ते गोव्यातलं आहे. शिवोली गावचे रेमो फर्नांडिस. शिक्षणाने आर्किटेक्ट. १९८४ मध्ये त्यांचा पहिला अल्बम आला, ‘गोअन क्रेझी’. बँड नव्हताच, सगळी वाद्यं त्यांनी एकट्याने वाजवली, सगळे आवाज स्वतःचे, आणि रेकॉर्डिंग शिवोलीच्या घरात, चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर. कॅसेट तयार झाल्यावर पिवळ्या स्कूटरवर घालून दुकानादुकानांत स्वतःच पोचवल्या. हल्ली जो उठतो तो ‘इंडी’ म्हणवतो. याच्याहून जास्त इंडी काय असतं मला तरी माहीत नाही.

चार ट्रॅक म्हणजे काय हे ईएनटीसीवाल्यांना सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगते. कॅसेटच्या फितीवर चार समांतर पट्टे. समजा एकावर ड्रम घेतला, दुसऱ्यावर बास, तिसऱ्यावर गिटार. उरला एक. मग गायचं कुठे, कोरस कुठे? तर हे तिन्ही एकत्र करून चौथ्यावर उतरवायचे, म्हणजे पहिले तीन पुन्हा मोकळे. पण एकदा उतरवलं की उतरवलं. नंतर “बास जरा जास्तच झाला” म्हणून कपाळावर हात मारून उपयोग नाही. शिवाय प्रत्येक वेळी फितीची खरखर वाढत जाते. सिग्नल-टू-नॉइज रेशो परीक्षेपुरता पाठ केलेला असतो आपण. त्या माणसाला तो दर दोन तासांनी कानाने भोगावा लागला असणार. आणि आपल्याकडे? लॅपटॉपवर फुकटचं ऑडॅसिटी, हवे तेवढे ट्रॅक, चुकलं की कंट्रोल झेड. तरी आपला अल्बम होत नाही.

आता कुणी म्हणेल, रेमो एकटे होते, बँडचं सांग. ठीक. मुंबईचा ‘रॉक मशीन’ घ्या. १९८४ ला सुरू झाला. गायला उदय बेनेगल, गिटारवर महेश तिनईकर. तेही सुरुवातीला बाहेरच्यांचीच गाणी वाजवायचे, तेव्हा सगळेच वाजवायचे. पण १९८८ मध्ये त्यांनी ‘रॉक अँड रोल रेनेगेड’ काढला, पहिला अल्बम, स्वतःच्या गाण्यांचा. मी तो ऐकलाय. खरं सांगू? वाजवणं एक नंबर आहे, पण डोळे मिटले की मुंबई दिसत नाही. कुठलातरी अमेरिकन हायवे दिसतो. मला वाटतं हे त्यांनाही कधीतरी जाणवलं असावं, कारण १९९३ मध्ये त्यांनी नावच बदललं. ‘इंडस क्रीड’. मशीन गेलं आणि सिंधू नदी आली! तरीही तो पहिला अल्बम काढला नसता तर बदलण्यासारखं काही हातात तरी असतं का? म्हणून पहिला अल्बम फसला तरी चालेल, पण आपला फसावा.

आणि आता माझी गोची सांगते.

मी दिंडोरीची. दिंडोरी म्हटलं की लोक स्वामी समर्थांचं केंद्र म्हणतात, नाहीतर द्राक्षं. मोठ्या हॉटेलात जाणाऱ्यांना ‘दिंडोरी रिझर्व्ह शिराझ’ नावाची सुलाची वाईन ठाऊक असते. म्हणजे आमच्या गावाचं नाव बाटलीच्या लेबलवर आहे, म्युझिक लेबलवर यायचंय अजून. (पीजे सहन केल्याबद्दल आभारी आहे.) पहिलीपासून मी नाशिकला कॉन्व्हेंटमध्ये, रोज पंचवीसेक किलोमीटर एसटीने. वर्गात मराठी बोललं की दंड. त्याचा परिणाम असा की मला आजही एकोणसत्तर आणि एकोणऐंशी यांतलं मोठं कुठलं ते मनात इंग्रजी करून बघावं लागतं. साहजिकच गाणी लिहायला घेतली ती इंग्रजीत. पहिलं गाणं नोव्हेंबरच्या पावसावर. का, ते गिटार हातात घेतलेल्या कुणालाही विचारा. त्यात एक मुलगी होती, एक रेल्वे स्टेशन होतं, आणि संथ, हवाहवासा पाऊस.

दिवाळीत घरी ते वाजवून दाखवलं. आईला चाल आवडली. पप्पांनी अर्थ विचारला. मी ओळ-ओळ मराठीत सांगत गेले. ते जरा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, “पाऊस? नोव्हेंबरात?”

एवढंच.

ज्यांच्या घरी बाग नाही त्यांना यातलं काही कळणार नाही. आमच्याकडे ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी होते. नोव्हेंबरमध्ये बाग फुलोऱ्यात असते. तेव्हा पाऊस झाला की घडांची कूज, फुलगळ, वर डाऊनी. रात्री बारा वाजता सरी आल्या तरी पहाटे फवारणीचा ट्रॅक्टर चालू. त्या आठवड्यात घरात कुणी मोठ्याने बोलत नाही. माझ्या सगळ्या आयुष्यात मी नोव्हेंबरचा पाऊस असाच बघितलाय, आणि गाण्यात लिहिला तो भलत्याच कुणाचातरी! म्हणजे चाल माझी, शब्द माझे, तरी गाणं कव्हरच झालं की. परीक्षकांना नावं ठेवण्याचा मला काय अधिकार?

यावर काहीजण म्हणतात, मग रॉकच कशाला, ते मुळात आपलं नाहीच. हे मात्र मला साफ नामंजूर आहे. आमच्या बागेत या. जमिनीखाली जो खुंट आहे तो डॉगरीज, जंगली अमेरिकन वेल. पाणी कमी पडलं, जमीन खारवट असली तरी टिकतो म्हणून लावतात. त्यावर कलम बांधायचं थॉमसनचं. आणि थॉमसन तरी कुठे पिंपळगावचा? तोही बाहेरूनच आलेला. पण घड लागला की व्यापारी खुंटाची जात विचारत नाही, बाग कुणाची ते विचारतो. ड्रम, बास, इलेक्ट्रिक गिटार हा खुंट आहे. तो बाहेरचा असेना का! आमचा प्रॉब्लेम असा की आम्ही खुंट लावला आणि कलम बांधायचंच विसरलो.

कलमं बांधणारे आहेतही. मुंबईचे ‘अभंग रीपोस्ट’ ड्रम आणि बासवर संतांचे अभंग गातात. छान गातात, पण शब्द तुकोबांचे. तिथे नापास व्हायची भीती नाही. त्याहून मला ‘स्वदेशी’वाले भिडले. २०१९ मध्ये आरेच्या जंगलासाठी त्यांनी प्रकाश भोईर यांच्यासोबत ‘द वारली रिव्होल्ट’ केलं. रॅप आहे, रॉक नाही, पण ऐकताना कुठलं जंगल हे विचारावं लागत नाही. आमच्या तालुक्याच्या पश्चिमेला, पेठ-सुरगाण्याकडे, बोहाडा होतो. रात्रभर मुखवटे घालून नाचतात आणि संबळ वाजतो. लहानपणी मामांच्या खांद्यावर बसून बघितलाय. त्या संबळाचा ठेका छातीत बसतो, कॉलेजच्या ऑडिटोरियममधल्या कुठल्याही डबल बासपेक्षा जास्त. पण बँडच्या मीटिंगमध्ये मी कधी संबळाचं नाव काढलं नाही. लाज वाटली. कॉन्व्हेंटची लाज दंडाच्या पावतीसारखी असते, खिशातच राहते.

तर सध्या ठरलंय ते असं. सेमिस्टर संपली की आमच्या द्राक्षाच्या पॅकिंग शेडमध्ये रेकॉर्डिंग. हंगाम सुरू होईपर्यंत ती रिकामीच असते. पत्र्याची आहे, आवाज घुमतो, म्हणून भिंतींना क्रेटची रिकामी खोकी आणि गोधड्या लावायच्या. मेकॅनिकलवाल्या ड्रमरने गोधड्यांचं गणित केलंय, बरोबर आहे की नाही देव जाणे. एक ऑडिओ इंटरफेस उसना मिळालाय. लीड गिटारवाला “फक्त चार दिवस” या बोलीवर तयार झालाय. पप्पांची अट एकच, ट्रॅक्टरची वेळ झाली की शेडचं दार उघडं पाहिजे. म्हणजे रेकॉर्डिंगमध्ये ट्रॅक्टर येणार. येऊ दे.

पाच गाणी होतील असं वाटतं. पावसाचं गाणं मी मराठीत पुन्हा लिहायला घेतलंय. मुलगी काढली, स्टेशन काढलं. पहिलं कडवं झालं. दुसरं अडलंय, कारण ढग भरून आल्यावर पप्पा ओट्यावर येऊन जे नुसतं वर बघत उभे राहतात, त्याला मराठीत एका शब्दात काय म्हणतात ते मला येत नाही. आजीला विचारलं तर ती म्हणाली, त्याला शब्द नसतो, चहा ठेवायचा असतो. मी ते वहीत लिहून ठेवलंय. चालीत बसत नाहीये अजून, दोन मात्रा जास्त होतायत.